सुट्टी न सोसणारी मानीबाई

श्रीमती मानीबाई पूनमसिंग राठोड, वय अंदाजे पन्नास, राहणार तांडा, तालुका मारेगाव. काम : जिनिंगमध्ये मशीनवर कापूस टाकणे. नाडी समाधानकारक, छाती स्वच्छ, खोकला निरंक. सबब, सदर महिला कामगारास कामामुळे उद्भवलेला कोणताही आजार नाही.

यंदाच्या आरोग्य शिबिराचा हा निष्कर्ष मुकादम रामसिंगने वाचून दाखवला, तेव्हा मानीबाईने मान डोलावली. कामामुळे आपल्याला काही होत नाही, हे ती कित्येक वर्षं सांगत आली होती. तिला जे व्हायचं ते सुट्टीमुळे व्हायचं.

शोध तिचा स्वतःचा. जिनिंगला सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी ती घरी बसायची आणि दुसऱ्या दिवशी मशीनसमोर उभी राहिली की दुपारनंतर छाती आवळायची. जणू कोणी छातीवर रुईची गठाण ठेवलीय आणि वर बसून निवांत चहा पितंय. मग खोकला, मग दम. दोन-तीन दिवस काम झालं की गठाणीवरचा माणूस उठून जायचा, पुढच्या बाजारापर्यंत. आता यात डोकं चालवण्यासारखं काय उरलं? बसलं की बिघडतं, काम केलं की सुधारतं. मानीबाईने उपायही काढला. ती सुट्टीच्या दिवशीही जिनिंगमध्ये जाऊन रुईचं उडालेलं भुसकट झाडू लागली.

मालकाला हे निदान फार पटलं. रामसिंगलाही पटलं. "मानीबाईले पाहा," तो बाकीच्या बायांना सुनवायचा, "सुट्टी सोसत नाही तिले. नाहीतर तुम्ही!" रोग्याचं आणि मालकाचं आजाराबद्दल इतकं एकमत दवाखान्यातसुद्धा पाहायला मिळत नाही.

शंका काढली ती फक्त शेजारच्या मशीनवरच्या जमनीने. "काव मानीबाई, पावसाळाभर जिनिंग बंद राह्यते. तवा काहून नाही बिघडत तुही छाती?"

"तवा मी वावरात निंदाले जाते ना! बसते थोडीच?"

"अन् दिवाळीनंतर मशीन सुरू झाल्याबरोबर बिघडते ते?"

"दिवाळीत बसलेली राह्यते म्हनून."

जमनीने हात जोडले.

खरा पेच पडला जानेवारीत. उमरखेडला दिलेली लेक बबिता बाळंत झाली, आणि "याडी, तू ये" म्हणून आईला रोज फोन करू लागली. मानीबाई टाळत राहिली. इतके दिवस बसायचं म्हणजे मरणच की! शेवटी पूनमसिंगने तिची थैली उचलून एसटीत ठेवली. "जाय. मेलीस तं नातीचं तोंड पाहून मरशील," नवऱ्याने धीर दिला.

उमरखेडला मानीबाई नात मांडीवर घेऊन आजाराची वाट पाहत बसली. पाहुण्याची पाहावी तशी. आज येईल, उद्या येईल. तो आलाच नाही. बबिताच्या घराच्या जिन्यावरून ती पाण्याची बादली घेऊन चढली, तरी दम नाही.

"याडी, तू इथं आल्यापासून खोकलली नाहीस," बबिता म्हणाली.

"इथली हवा आळशी हाये. लागाले टाइम घेते."

"हवा नाही. तुले सुट्टी नाही बाधत, जिनिंग बाधते. ते भुसकट छातीत जाते तुह्या."

"जिनिंगनं बाधलं असतं तं रोजच बाधलं असतं. मले तं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच बाधते."

बबिताने कपाळावर हात मारला. पण लेकही आईचीच होती, हेका सोडणारी नव्हती. "बरं, तुह्या शिबिरातल्या डॉक्टरनं म्हनलं तं? तं सोडशील जिनिंग? येशील इकडं राहाले?"

मानीबाईने नातीकडे पाहिलं. नातीने तिचं बोट घट्ट धरलेलं होतं. "त्यानं म्हनलं तं सोडते. शिकल्या मानसाचं आयकते मी."

निघताना बबिताने तिला एक नवी ओढणी दिली, मशीनवर नाकातोंडाला बांधायला. इतकी चांगली ओढणी धुळीत कोण घालतं? मानीबाईने ती बाजारासाठी ठेवली.

परतल्यावर पहिल्याच दिवशी दुपारी तिची छाती अशी आवळली की सरकीच्या ढिगाशेजारी खाली बसावं लागलं. जमनी पाणी घेऊन धावली. मानीबाईला बोलता येत नव्हतं, पण आलं तेव्हा आवाजात विजय होता. "पाह्यलं? पोरीच्या घरी बसून खाल्लं, त्याचे भोग!"

पण शब्द दिलेला ती विसरली नाही. शिबिराच्या सकाळी बबिताचा फोन आला, "याडी, सांगजो बरं!" आणि ती तीच ओढणी डोक्यावर घेऊन सगळ्यांत आधी रांगेत उभी राहिली. डॉक्टर तरुण होता. त्याने छातीला नळी लावली.

"मावशी, खोकून दाखवा."

मानीबाईने मनापासून प्रयत्न केला. खोकला काही येईना. पाहुण्यांपुढे लाजणाऱ्या पोरासारखा तो आत कुठे दडून बसला होता.

"काही त्रास?"

"हाये ना, साहेब. सुट्टीचा त्रास हाये. दम लागते."

डॉक्टर हसला. "सुट्टी संपली की आम्हालाही लागतो." आणि त्याने पुढच्या बाईला हाक मारली.

संध्याकाळी मानीबाईने बबिताला फोन करून सांगितलं, की डॉक्टरने सगळं तपासलं, छाती स्वच्छ निघाली, तेव्हा दिवाळीनंतर ती मशीनवर जाणार.

शिबिर दरवर्षी जुलैत असतं.