टूथब्रश कोणत्या पिशवीत

"केळकर-सान, एवढं सगळं तो बोलला?" माझे बॉस मोरिता-सान यांनी विचारलं.

पडद्यावर एक रोबो कचऱ्याच्या दोन पिशव्यांपुढे उभा होता, हातात टूथब्रश घेऊन. जपानीत तो एवढंच म्हणाला होता, "हे... कुठे?" खाली मराठी सबटायटल होतं: 'नश्वर अस्तित्वाचे हे अवशेष मी कोणत्या कोटीत गणावे?'

"बोलला नाही," मी म्हणाले. "त्याच्या मनात तसं असावं, असं मुंबईला वाटतंय."

नवऱ्याची बँकेने बदली केली म्हणून मी जपानला आले, भाषा शिकले, आणि आता ग्योतोकुहून रोज तोक्योला सबटायटल करायला जाते. आमचा मराठी विभाग म्हणजे मी आणि माझी खुर्ची. ही मालिका मुंबईच्या क्लायंटच्या पसंतीला उतरली तर विभाग आणखी वर्षभर राहणार होता. नाही तर खुर्ची तेलुगूला जाणार होती.

मालिका 'तत्त्वचिंतनात्मक' होती. रोबो एका म्हाताऱ्याला सांभाळतो, म्हातारा मरतो. मग सहाव्या भागापर्यंत रोबो समुद्राकडे बघत 'मी म्हणजे कोण' असं विचारतो. असल्या मालिकांत समुद्र लागतोच. सातव्या भागात त्याला घर रिकामं करायचं असतं.

क्लायंटचे कंटेंट हेड अमेय. त्यांनी यासाठी एक तत्त्वज्ञान सल्लागार नेमला होता, निवृत्त प्राध्यापक. मूळ सबटायटल माझं होतं, 'हे कशात टाकायचं?' सरांनी ते 'उन्नत' केलं होतं. मी कॉल लावला.

"मॅडम, तुमची लाइन फार फ्लॅट आहे," अमेय म्हणाले. "हे फिलॉसॉफिकल अ‍ॅनिमे आहे."

"अहो, तो कचरा वेगळा करतोय."

"वरवर बघता, हो. पण त्यात लेयर्स आहेत ना."

"आहेत. एक जळणारा आणि एक प्लास्टिकचा."

ते हसले नाहीत. "सरांचं म्हणणं आहे, टूथब्रश म्हणजे देह."

"सरांनी एपिसोड पाहिला का?"

"सर फक्त स्क्रिप्ट वाचतात. व्हिज्युअल्सनी त्यांचं चिंतन डिस्टर्ब होतं."

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली सबटायटलची. चार सेकंदांच्या दृश्यात माणूस एक लहान वाक्य वाचू शकतो. त्याहून लांब लिहिलं की डोळे खालीच अडकतात आणि वर जे घडायचं ते घडून जातं.

दुसरी कचऱ्याची. इथे घरोघर फ्रिजवर कचऱ्याचा तक्ता असतो, कोणत्या वारी काय टाकायचं त्याचा. चुकीची पिशवी ठेवली तर गाडी ती नेत नाही. वर स्टिकर लावून तिथेच ठेवते, आणि अख्ख्या बिल्डिंगला कळतं. पहिल्या महिन्यात मेयोनीजच्या बाटलीपायी मी रडलेली आहे. या रोबोला तक्ता तोंडपाठ. सहा भागांत तो एकदाही चुकत नाही. म्हाताऱ्याच्या टूथब्रशचा नियमही त्याला माहीत आहे, आणि तरी तो तिथे उभा राहतो. मालिकेत जे काही आहे ते एवढंच. बाकी समुद्र.

मोरिता-सान म्हणाले, "दोन्ही दाखवू. लोक सांगतील."

ग्योतोकुतल्या एका हॉलमध्ये दोन शनिवारी दुपारी मराठी मंडळी जमवली. पहिल्या शनिवारी सरांची आवृत्ती. मी मागे उभी राहून चेहरे बघत होते. टूथब्रशच्या वेळी सगळ्यांच्या माना खाली, ओठ हलत होते. 'कोटीत'नंतर सरांनी आणखी दोन ओळी घातल्या होत्या; मंडळी त्यातून बाहेर आली तेव्हा रोबो आत निघून गेला होता.

नंतर फॉर्म भरून घेतले. 'डीप.' 'व्हेरी डीप.' 'खूपच डीप, चहा छान होता.'

अमेय खूश. मोरिता-सानांनी फॉर्म माझ्याकडून वाचून घेतले. "आमच्याकडेही न समजलेल्या गोष्टीला खोल म्हणतात," ते म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी माझी आवृत्ती लावली. 'हे कशात टाकायचं?' आणि त्यानंतर काहीच नाही. रोबो नुसता उभा असतो ते नऊ सेकंद मी कोरे ठेवले होते. सबटायटल राहून गेलं असं समजून सॉफ्टवेअरने तिथे लाल खूण केली होती. मी ती तशीच ठेवली.

आमच्या शेजारच्या जोशीची आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. जोशी तिलाही घेऊन आला. 'मी कोण' चाललं होतं तोवर काकू छान डुलक्या काढत होत्या. पिशव्या दिसल्यावर त्या जाग्या झाल्या, कारण ती कामगिरी मुलाच्या घरी त्यांच्याकडे आली होती. त्या नऊ सेकंदांत हॉलमध्ये आवाज आला तो त्यांचाच.

"ह्यांचा अजून तसाच आहे रे. बेसिनवर."

काका जाऊन वर्ष झालं होतं. जोशीने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. आधीच्या शनिवारी 'व्हेरी डीप' लिहिणारा हाच.

काकूंनी फॉर्मवरचे सगळे प्रश्न सोडून दिले होते. खाली एकच ओळ लिहिली होती: 'त्याने शेवटी तो ठेवला का?' मी ती मोरिता-सानांना जपानीत सांगितली. त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला आणि गठ्ठा मुंबईला पाठवला.

चार दिवसांनी अमेयचा फोन आला. "मॅडम, तुमची लाइन ठेवतोय. सर म्हणाले, त्यांच्या मनात अगदी हेच होतं."

खुर्ची वर्षभरासाठी वाचली. श्रेयनामावलीत सरांचं नाव 'तत्त्वचिंतन' या शीर्षकाखाली स्वतंत्र पाटीवर आहे. मी 'इतर साहाय्य'मध्ये आहे.

परवा जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी काकू खाली भेटल्या. "तू ते केलंस ना? मग सांग, ठेवला का त्याने?"

"ठेवला, काकू. पुढच्या भागात दिसतो."

"मग शहाणा आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवीची गाठ तपासून वर गेल्या.

तेव्हापासून पात्र गप्प असलं की मीही गप्प राहते. सॉफ्टवेअर अजून तिथे लाल खूण करतं. सरही करतात.