झरोक्याखालची भिंत

“गन कुठाय?” मी गेटात पाय ठेवायच्या आत व्यंकटरावांनी विचारलं.

गन म्हणजे प्रेशर वॉशर. गाड्या धुवायला वापरतात ते यंत्र. त्याची धार इतकी जोरात येते की चिखल काय, ढिला रंगसुद्धा उडून जातो. मी ते आणलंच नव्हतं. टेम्पोतून माझा मदतनीस आरोक्यम उतरवत होता ते प्लास्टिकचे पिंप, पाठीला अडकवायचा फवारणीचा पंप आणि लांब दांड्याचे मऊ ब्रश.

“सर, तुमच्या घराला गन सोसणार नाही.”

“का ग? माझ्या मेव्हण्याच्या घराला सोसली. एका सकाळीत घर लख्ख! रविवारी जानकीचा निश्चितार्थ आहे, पद्मा. पापनाशमहून मुलाकडची माणसं येणार. त्यांना काय हे काळं घर दाखवू?”

निश्चितार्थ म्हणजे साखरपुडा. आम्ही तंजावूरचे मराठी लोक तोच शब्द वापरतो. जानकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. आणि व्यंकटराव आयुष्यभर सरकारी ऑफिसात साहेब होते. नाही ऐकायची त्यांना सवय नव्हती.

मी केमिस्ट्री शिकले. पुष्कळ वर्षं एका रंगाच्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला होते. रंग का फुगला, का सुटला, ते लोकांच्या घरी जाऊन बघायचं काम. आता घरं बाहेरून धुऊन देण्याचा माझा स्वतःचा धंदा आहे. लोकांना वाटतं, धुणं म्हणजे पाणी मारणं. खरं काम त्याच्या आधीचं असतं. कुठल्या भिंतीला काय चालेल ते ठरवणं.

मी त्यांचा हात धरूनच भिंतीवर घासला. तळवा पांढरा झाला.

“हे चॉकिंग. रंग म्हातारा झाला की त्याची अशी पूड होते. आणि इथं बघा, खिडकीच्या कोपऱ्यातून भेग गेलीय. गनचं पाणी या भेगेतून आत जाईल. रविवारी पाहुणे हॉलमध्ये बसतील आणि त्यांच्या पाठीमागची भिंत ओली असेल.”

त्यांनी गनचा नाद सोडला. पटलं म्हणून नव्हे, पाहुण्यांचं नाव काढलं म्हणून.

“मग काय करणार?”

“सॉफ्ट वॉश. हे काळं म्हणजे धूळ नाही, शेवाळ आहे. पातळ केलेलं ब्लीच आणि साबण हलक्या दाबाने मारायचं. शेवाळ मरेपर्यंत थांबायचं. मग साध्या पाण्याने धुऊन काढायचं. आधी कधी या भिंतींवर काही मारलंय? ॲसिड, फिनाईल, काहीही?”

“काही नाही.”

घराच्या डाव्या अंगाला एक बोळ होता. एका बाजूला यांचं घर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची उंच भिंत. मधून एक माणूस पंप घेऊन जेमतेम जाईल इतकी जागा. सगळ्यात जास्त शेवाळ तिथंच. मला तो बोळ आवडला नाही, कारण तिथं वारा खेळत नव्हता. त्यातून गौरीअक्कांची खोली त्याच बाजूला. गौरीअक्का म्हणजे व्यंकटरावांची थोरली बहीण. त्यांना दम्याचा जुना त्रास. इन्हेलर कमरेला खोचलेला असायचा.

“काम होईपर्यंत अक्कांना पुढच्या हॉलमध्ये बसवा,” मी जानकीला सांगितलं. तिने त्यांची खुर्ची हलवली. बोळाकडच्या खिडक्या लावल्या. अक्कांच्या बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांचा झरोका होता. तो बंद होईना, म्हणून आरोक्यमने बाहेरून त्याच्यावर प्लास्टिक चिकटवलं.

त्या झरोक्याच्या कट्ट्यावरून खाली भिंतीवर पांढरे ओघळ आले होते. व्यंकटरावांनी तिकडे बोट दाखवलं. “हे पण जाईल ना?”

“नाही. ते क्षार आहेत, बोअरच्या पाण्याचे. ब्लीचने ते जात नाहीत. ते काम वेगळं, भिंत धुऊन वाळल्यावर. उद्या बघू.”

“उद्या, उद्या,” ते पुटपुटले. “सरि, सरि. बरं, कर तुझं.”

आम्ही आधी बोळातली भिंत साध्या पाण्याने भिजवली. सुकी भिंत ब्लीच पिऊन टाकते, म्हणून हे करावं लागतं. मग घराच्या दर्शनी भिंतीवर टेस्ट पॅच घेतला. टेस्ट पॅच म्हणजे एका कोपऱ्यात थोडंसं मारून वाट बघायची. रंग उतरतो का, डाग पडतो का, ते तिथं कळतं. जानकीने कॉफी आणून दिली. आम्ही पुढच्या पायऱ्यांवर बसलो. व्यंकटराव आत गेले. मला वाटलं, कंटाळले.

पॅच छान निघाला. आरोक्यमने गॉगल चढवला, तोंडाला कापड बांधलं आणि पंप घेऊन बोळात शिरला. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. तो खालून वर, सावकाश, नेहमीसारखा मारत पुढे सरकत होता.

झरोक्याखाली पोचला आणि भिंत फसफसली.

मी आधी ते ऐकलं. मग फेस दिसला. साबणाचा फेस पांढरा असतो, हा पिवळसर होता. त्याच क्षणी वास आला. स्विमिंग पूलचा वास शंभर पटीने वाढवून नाकात कोंबावा तसा.

“आरोक्यम! पंप सोड! बाहेर ये!”

तो खोकत होता. वळायला जागा नव्हती. पंपाचे पट्टे खांद्यावरून काढता काढता तो पाठमोराच मागे येऊ लागला. मी श्वास रोखून दोन पावलं आत गेले, त्याच्या शर्टाला धरून खेचलं. तो बाहेर येऊन गुडघ्यांवर बसला.

“पद्माक्का, कण्णु एरियुदु,” तो म्हणाला. डोळे जळताहेत. गॉगल घामाने वर सरकला होता. मी त्याच्या हातात पाण्याचा पाइप दिला. “डोळ्यांवर धर. थांबू नकोस.”

काय झालं होतं ते मला कळलं होतं. ब्लीचला ॲसिड भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, कोंडलेल्या जागेत बसून राहतो. ॲसिड आलं कुठून, हा विचार नंतरचा. मी वर बघितलं. झरोक्यावरच्या प्लास्टिकचा खालचा कोपरा सुटून लोंबत होता.

मी हॉलमध्ये धावले. गौरीअक्कांची खुर्ची रिकामी होती.

“आत्या बाथरूमला गेली,” जानकी म्हणाली. “आत्ताच.”

आम्ही दोघी अक्कांच्या खोलीत शिरलो तेव्हाच वास नाकाला झोंबला. बाथरूमचं दार आतून बंद. आत खोकला चालला होता.

“अक्का, कडी काढा! अक्का!”

खोकल्याशिवाय उत्तर नाही. व्यंकटराव मागून आले. त्यांनाही तो वास आला.

“मी थोडं ॲसिड टाकलं ग,” ते म्हणाले. “टॉयलेटमधलं. झरोक्यातून, प्लास्टिकचा कोपरा सारून, बाहेरच्या बाजूला. ते पांढरं जावं म्हणून...”

“नंतर, सर. दार!”

त्यांनी खांदा लावला. दार हललं, पण उघडलं नाही. आतला खोकला आता तुटक झाला होता. दोन खोकल्यांमध्ये शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज मला अजून आठवतो. दार पीव्हीसीचं होतं. जानकीने वडिलांना बाजूला ढकललं, साडी वर खोचली आणि खालच्या फळीवर टाच घातली. एकदा, दोनदा. फळी फुटली. तिने खाली बसून भोकातून हात घातला, वर चाचपडत कडी ओढली. तिच्या मनगटाला लांब ओरखडा गेला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

गौरीअक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, पदराचा बोळा तोंडावर धरून. आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून उचललं आणि सरळ रस्त्यापलीकडे नेलं, वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. जानकीने इन्हेलर तोंडाला लावला. त्यांना ओढून श्वास घेता येईना.

व्यंकटराव बादली घेऊन बोळाकडे निघाले होते.

“कुठं चाललात?”

“ते धुऊन टाकतो.”

“आत पाऊल टाकायचं नाही! रिक्षा थांबवा.”

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मी सांगितलेलं निमूट ऐकलं. रिक्षात जानकी, अक्का आणि आरोक्यम. मी आणि व्यंकटराव मागून त्यांच्या स्कूटरवर.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “कुठला गॅस?”

“क्लोरीन. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड. बंद बाथरूम, थोडा वेळ. दम्याच्या पेशंट आहेत.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पडदा ओढला आणि ऑक्सिजन लावला.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मग व्यंकटराव एकदम माझ्याकडे वळले.

“तू सांगायला पाहिजे होतंस. हे दोन्ही एकत्र चालत नाही म्हणून.”

मला राग आला. पण हॉस्पिटल होतं, म्हणून आवाज मुद्दाम खाली ठेवला. “सर, मी तुम्हाला विचारलं होतं. भिंतीवर काही मारलंय का म्हणून.”

“तेव्हा मारलं नव्हतं.”

ते खरं बोलत होते. मी विचारलं सकाळी, त्यांनी टाकलं आम्ही कॉफी पीत असताना. भिंत आम्हीच भिजवून ठेवली होती. सुकी असती तर ॲसिडचा ओला पट्टा लांबून दिसला असता. ओल्या भिंतीवर ओलं कोणाला दिसणार?

पडदा सरकला. डॉक्टर म्हणाले, श्वास सुधारतोय, रात्रभर इथं ठेवू. व्यंकटरावांनी मान हलवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जानकी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आरोक्यमचे डोळे लाल होते, पण बुबुळांना काही झालं नव्हतं.

संध्याकाळी वास पूर्ण गेल्यावर मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून लांबूनच ती भिंत पाण्याने धुतली. मग पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी फक्त समोरची बाजू केली, आणि घरातल्या माणसांना शेजारच्यांकडे पाठवल्याशिवाय नोझलला हात लावला नाही.

निश्चितार्थ ठरल्या दिवशीच झाला. अक्का हॉलमध्ये खुर्चीत बसून होत्या, आवाज घोगरा, पण सगळ्यांना काय हवं नको ते विचारत. जानकीने ओरखड्यावर बांगड्या भरल्या होत्या. पापनाशमच्या माणसांनी बोळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहुणे समोरून येतात, समोरून जातात. बोळातलं शेवाळ आम्ही पुढं सवडीने काढलं.

तेव्हापासून मी तो प्रश्न दोनदा विचारते. एकदा आल्यावर, आणि एकदा पंप हातात घेतल्यावर. दुसऱ्यांदा विचारायच्या आधी घरातल्या ॲसिडच्या सगळ्या बाटल्या गोळा करून माझ्या टेम्पोत कुलपात ठेवते. काम संपलं की परत देते. काही क्लायंटना हा अपमान वाटतो. त्यांना मी सांगते, भिंत ब्लीचने धुवायची की ॲसिडने हे ठरवणं सोपं आहे. कामाच्या दिवशी घरात ते एकाच माणसाने ठरवायचं, एवढंच अवघड.