थरावर थर

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात पंप बनायचे. मी ड्रॉइंग ऑफिसात होते. पंपाचा प्रत्येक भाग आधी सागवानात कोरला जायचा. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबून काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतून कास्टिंग करायचं. पॅटर्न शॉपमध्ये हे कोरणारे चौघे होते. त्यांतले थोरले मालवणकडचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

थ्रीडी प्रिंटिंग शिकायला मॅनेजरनी मला आठवडाभर अंधेरीला धाडलं. परतल्यावर म्हणाले, "आता पॅटर्न शॉपला समजावा."

मी समजावलं. आपण लाकूड कोरतो, नको ते काढून टाकतो. इथे उलटं. कॉम्प्युटर ड्रॉइंगचे आडवे पातळ काप करतो, मशीन प्लॅस्टिकची तार वितळवून एकेक काप अंथरतं, थरावर थर. अधांतरी भागाला खालून टेकू द्यावा लागतो, नाहीतर तो लोंबतो.

मी अंधेरीहून छापून आणलेल्या नमुन्याचं पातं दादांनी दोन बोटांत धरलं आणि कट्कन मोडलं. बरोबर दोन थरांच्या सांध्यात.

"बघ गो, कसा तुटला ता!"

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी तसंच पातं आडवं ठेवून छापून आणलं, म्हणजे जोर थरांच्या सांध्यावर येणार नव्हता. दादांनी दोन्ही हातांनी वाकवून पाहिलं. मोडलं नाही. या वेळी कुणी हसलं नाही.

मग त्यांनी माझा पहिला पूर्ण पॅटर्न मोजला.

"कास्टिंग बारीक येतला. लोखंड थंड झाला की आकसता. ता धरलंस काय?"

मी धरलं नव्हतं. त्यांनी कप्प्यातून मोजायच्या पट्ट्या काढल्या. कास्ट आयर्नची वेगळी, गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूची वेगळी. त्या पट्ट्यांवरचा इंचच मुळी जरा मोठा असतो, धातू आकसेल तेवढा. जाड भागाला किती, पातळ भागाला किती, तासभर शांतपणे सांगत होते. मी सगळं लिहून घेतलं आणि कॉम्प्युटरमध्ये भरलं. कास्टिंग अगदी मापात आलं.

"मगे आता आमी काय करूचा?" त्यांनी विचारलं.

"दादा, तुमच्याशिवाय कसं चालेल?" मी म्हटलं. चालणार होतं, हे मला तेव्हाच कळत होतं.

पावसाळ्याआधी पॅटर्न शॉप बंद झालं. दादांना पॅकिंगला टाकलं. तिथे ते खोके चिकटवत दोन महिने राहिले, मग यायचे थांबले.

मी बोरीवलीला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला. दादा खिडकीशी बसून होते.

"सोसायटीतल्यांनी देव्हारा करून मागितला," वहिनी म्हणाल्या, "पण हे रंध्याला हातच लावत नाहीत."

दादांनी एवढंच विचारलं, "मापा बरोबर येतत मां?"

"येतात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा संपवून मी उठले. परत कधी गेले नाही.