भगवंतरावांची घट

खामगावातल्या एका अडत दुकानावर भगवंतराव अठ्ठावीस वर्षं मापारी होते. त्या दुकानाचा एक पवित्र नियम होता: भाव एकदा ठरला की मोडायचा नाही. सगळे शब्दाचे पक्के. जे काय मोडायचं ते वजनात. पोतं काट्यावर चढलं की बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, एक किलो, ओलाव्याचं अर्धं, मातीचं अर्धं, अशी घट धरायची आणि शेतकऱ्यासमोर देवमाणसासारखं उभं राहायचं. भगवंतरावांना ते छान जमे.

तर अशा माणसाच्या बायकोची, सुचिताबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. भगवंतरावांनी छाती ठोकून सांगितलं, "माही किडनी घ्या." रक्तगट जुळला. डॉक्टरांनी अठ्ठ्याण्णव किलोचा हा दानशूर खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि म्हणाले, आधी ऐंशीवर या.

आहारतज्ज्ञ समीक्षा मॅडमनी दिवसाला अठराशे कॅलरी ठरवून दिल्या. दोन्ही वेळच्या मिळून पाच भाकरी, भाजी मापून, शेंगदाण्याची चटणी चमचाभर. भगवंतराव नेटाने वागले, खोटं कशाला बोला. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. आता बक्षीस म्हणून निदान एखादी पुरणपोळी मंजूर होईल या आशेने ते गेले, तर मॅडम म्हणाल्या, "छान! आता सोळाशे."

"काऊन?"

"शरीर हलकं झालं ना, काका. भरल्या ट्रॅक्टरला डिझेल जास्त लागतं, ओझं उतरलं की कमी. आता तेवढंच खात राहिलात तर वजन उतरायचं थांबेल."

ट्रॅक्टरच्या बाबतीत भगवंतरावांना हे लगेच पटलं. स्वतःच्या बाबतीत हा उघड दगा होता. "सौदा अठराशेचा झाला," घरी येऊन ते गरजले, "आन् माल उचलल्यावर भाव पाडून राह्यली! अडतीवर असं केलं तं लोकं दारात उभं करत नाईत." भाकरी पाचच राहिल्या.

वजनही शब्दाचं पक्कं निघालं. एकोणनव्वदवर बसलं ते हलेना. पण मॅडम दर सोमवारी फोनवर आकडा विचारायच्या, आणि आकडा खाली आणणं हा तर भगवंतरावांच्या हातचा मळ. कपड्यांचं एक किलो वजा. सकाळी प्यालेल्या तांब्याभर पाण्याचं एक. पुढच्या सोमवारी रात्रीच्या जेवणाचे दोन, कारण पोटातला माल आपला नव्हे. मग घराण्याची हाडंच जड, त्याचे पाच. सहा आठवड्यांत ते घरबसल्या ऐंशीवर आले. विशेष म्हणजे त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. मॅडम खूश, डॉक्टर खूश, पुढच्या तपासणीची तारीख पडली.

त्या तारखेला दवाखान्याच्या काट्याने एकोणनव्वद किलो चारशे ग्रॅम दाखवले. भगवंतराव नर्सला घट समजावून सांगू लागले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तारीख खोडली.

"त्यायचा काटाच खराब असन," जेवायला बसल्यावर भगवंतराव म्हणाले.

सुचिताबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "मले दिवसाले चार पेले पानी हाय," त्या म्हणाल्या. "दोन खेपांच्या मंधात वजन वाढलं का त्यातूनबी कापतात. जीभ टाळूले चिकटते. मी कधी म्हनलं का, का सौदा चार पेल्याचा होता?"

भगवंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"तुमी घरात बसून सहा आठवडे घट धरली. त्या सहा आठवड्यांत बारा खेपा मी मशीनवर झोपली. आता त्या बारा खेपांचीबी घट धरून द्या मले."

भगवंतरावांनी ताटातली एक भाकर उचलली आणि टोपल्यात परत ठेवली.