लव असलेली कोरांटी

फूल हातात आलं की मावशी ते आधी खालच्या ओठावरून फिरवायच्या. "बोटं फरशी पुसून राठ झालीत, म्याडम. व्हटालाच कळतंय."

आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा झाडायचं काम त्यांच्याकडे होतं. सहलीला मात्र मी त्यांनाच पुढे ठेवायची. तरवड, धायटी ओळखायला मुली त्यांच्याकडूनच शिकल्या. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं कुणी असेल, ज्याला नेमलेलं काम एक आणि येतं मात्र भलतंच काही.

एका हिवाळ्यात घाटनांदूरजवळ, त्यांच्या गावामागच्या उतारावर पिवळी कोरांटी फुलली होती. मावशींनी फूल ओठाला लावलं आणि त्या थबकल्या. "ही नेहमीची न्हाई. हिच्या फुलाला बाहीरून लव हाय."

कोरांटीची अशी एक उपजात असते, हे मी वाचलं होतं. आपल्याकडे ती कुणाला सापडल्याचं ऐकलं नव्हतं. "कोवळं असेल," मी म्हणाले आणि फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवली.

पंधरा दिवसांनी त्या धापा टाकत आल्या. उतारावर मुरूम काढायला पोकलेन येणार होतं. "एक चिठ्ठी लिहून द्या, ही जात येगळी हाय म्हनून. कागद बघितल्याबिगर कुनी ऐकायचं न्हाई."

"आधी खात्री करावी लागेल, मावशी. परीक्षा संपल्या की बघते."

"लई उशीर करू नका."

परीक्षा संपल्यावर मी फूल सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पाकळ्यांच्या नळीवर बाहेरून बारीक लव उभी होती. तिथंच बसून चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, त्यांना हाक मारली. पदराला हात पुसून त्यांनी कागद घेतला.

"आता कुनाला दावू, म्याडम? परवाच समदा उतार गेला."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं टेबल त्या रोज पुसत राहिल्या. सहलीला आल्या तरी बसमधून उतरायच्या नाहीत. एखादं झाड विचारलं तर म्हणायच्या, "तुमालाच ठावं."

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. सुनेनं चहा दिला.

"दर रैवारी डोंगरात जायच्या," ती म्हणाली. "आज हा डोंगर, उद्या तो. पाय सुजले तरी ऐकल्या न्हाईत. सांजच्याला रिकाम्या हातानं यायच्या. काय धुंडत व्हत्या, तुमाला कधी बोलल्या का?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. ती आणखी काही विचारील म्हणून मी कपाकडेच बघत राहिले.