भोंगा गप्प बसला तेव्हा

इसबगोल म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढं रोप. त्याला बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, मग बी धरतं, आणि त्या बियांवरची साल काढून भुशी म्हणून विकतात. तिचं मोल ज्यांची सकाळ अडून बसते त्यांना विचारा, पण एकेकट्यालाच विचारा. चारचौघांत कुणी कबूल व्हायचं नाही.

अशाच एका भुशीच्या गिरणीत चाळणीवर जो गडी होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. पंचेचाळिशी उलटलेली, मिशा भरघोस आणि जिभेला हाड नाही. चाळणीच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय. त्यामुळे त्याची गुपितंसुद्धा चार घरांपलीकडे ऐकू जात.

त्याचा जीव पुड्या भरणाऱ्या बाईवर जडला होता. तिचीही ना नव्हती. घोडं अडलं होतं तिच्या थोरल्या भावापाशी. ते निवृत्त मास्तर. "माणूस निर्व्यसनी आहे, मान्य," ते बहिणीला म्हणाले, "पण तो श्वास कधी घेतो गं?" शेवटी तिच्या हट्टापायी एका शनिवारी, काम सुटायच्या वेळी, गिरणीत येऊन भेटायला तयार झाले. नाही पटलं तर विषय बंद.

भोंग्यानं दिवसभर भाषणाची उजळणी केली. मास्तर दारात दिसले आणि धांदलीत त्यानं भुशीनं माखलेलं डोकं थेट नळाखाली धरलं. आधी झटका, मग पाणी, हे वीस वर्षं नव्या माणसांना हाच पठ्ठ्या शिकवत होता. पाणी लागलं की भुशी कशी फुगते, हे त्याला ठाऊक नव्हतं होय? पण लग्नाळू माणसाची अक्कल आधीच वरातीत निघालेली असते. केस, भुवया, मिशा यांचा मिळून एक लगदा झाला आणि मिशा ओठांवर उतरून चिकटल्या.

बाई धावत आली आणि मास्तरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं कुजबुजली. "अहो, आता पाणी नको. पंख्यापुढे वाळू द्या, मग सोलून निघेल. आणि तोंड उघडू नका. एवढी पोटात गेली तर उद्या घराबाहेर पडायची सोय नाही."

भोंगा पोत्यावर बसला, मास्तर समोरच्या स्टुलावर. मास्तरांना शांतता सोसवेना, म्हणून त्यांनी आपल्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. तिथून शेजाऱ्याच्या कुत्र्यावर, कुत्र्यावरून हेडमास्तरांवर. तासाभरानं ते शाळा तपासणीच्या दिवशी भर वर्गात आपण भोवळ येऊन कसे पडलो, हे सांगत होते. बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे. तेवढ्यात वाळत्या मिशीनं ओठ असा ओढला की भोंग्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मास्तर गहिवरले.

निघताना त्यांनी बहिणीला बाजूला घेतलं. "लोक काय वाट्टेल ते उठवतात. अगं, किती मुरलेला माणूस आहे! माझ्याकडून होकार. आणि लग्नानंतर मी महिनाभर तुमच्याकडेच राहायला येतो. अजून बरंच सांगायचं राहिलंय."

भोंग्यानं ते ऐकलं आणि काहीतरी सांगायला धडपडून उठला.

"बसा गप," बाई त्याच्या कानाशी म्हणाली, "दादा अजून फाटकातच आहेत."