रंगवलेल्या सावल्या

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लंडनच्या हॅरो भागात नर्स होते आणि दर मंगळवारी संध्याकाळी कॉलेजात सिनेमाच्या क्लासला जायचे. वर्गात साडी नेसलेली मी एकटीच.

एकदा सरांनी पहिल्या महायुद्धानंतरचा एक जर्मन मूकपट दाखवला. वाकड्या भिंती, सुरीसारख्या टोकदार खिडक्या आणि सावल्या तर चक्क ब्रशने रंगवलेल्या. सर म्हणाले, "ही निव्वळ शैली. समाजाशी हिचा काही संबंध नाही."

मला ते पटेना. घरी आल्यावर घरमालकीणबाईंना सांगितलं. त्या बर्लिनच्या ज्यू, नाझींच्या काळात इंग्लंडला पळून आलेल्या. हातातला चहा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "युद्ध हरलो तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या रस्त्यावर अर्धा चेहरा गेलेले सैनिक काडेपेट्या विकायचे. वीज मोजून मिळायची. माझे काका स्टुडिओत पडदे रंगवायचे. ते म्हणायचे, दिवा मिळत नाही ना, मग सावली रंगवा. अगं, त्या बर्लिनमध्ये सरळ भिंत दाखवली असती, तर ती आम्हाला खोटी वाटली असती!"

मी हे सगळं निबंधात लिहिलं. तो परत आला लाल शेरा घेऊन: 'ऐकीव गोष्टी. पुन्हा लिहा.' वर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही तुमच्या नाचगाण्यांच्या सिनेमावर का लिहीत नाही? ते जमेल तुम्हाला."

माझे कान तापले. मी उभी राहिले. "वॉर्डात मी रोज पाय गमावलेल्या माणसांचं ड्रेसिंग करते, सर. दुखण्याने माणसाची नजर कशी बदलते, ते मला ठाऊक आहे. निबंध मी बदलणार नाही."

पुढच्या मंगळवारी बाईंनाच क्लासला घेऊन गेले. त्या पहिल्या रांगेत बसल्या, हात वर केला आणि बोलू लागल्या. वर्गातले सगळे प्रश्न विचारत राहिले. शेवटी सर म्हणाले, "एकीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"नसेल," मी म्हटलं. "पण तुमच्याकडे तर तीही नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.

सरांनी शेरा खोडला नाही, मीही निबंध पुन्हा लिहिला नाही. निबंध नापास, त्यामुळे क्लासचं सर्टिफिकेट गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी मी त्याच क्लासला पुन्हा नाव घातलं. या वेळी बाईंचंही.